नॅनो पावडर आणि बोटीचा पंखा

पावसात गोव्यातल्या डिचोलीकडचं ते लाल पाणी बाटलीत भरून ठेवा, जाड माती थोड्या वेळात खाली बसते पण लाली काही जात नाही, बारीक कण तरंगतच राहतात. आणि आपण लॅबमध्ये महागडी अॅल्युमिना नाहीतर टायटॅनियाची (अॅल्युमिनियम नाहीतर टायटॅनियमच्या ऑक्साइडची) पावडर आणतो, डब्यावर कणाचा आकार 20 नॅनोमीटर लिहिलेला, पाण्यात टाकली की दहा मिनिटांत तळाला! कारण कोरडी असतानाच कण एकमेकांना चिकटून गुठळ्या झालेल्या असतात, चमच्याने ढवळून त्या सुटत नाहीत.

म्हणून सोनिकेटर, म्हणजे अल्ट्रासाउंडने (कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने) गुठळ्या फोडणारं यंत्र. पण हे यंत्र काय पावडरीसाठी शोधलेलं नाही, याची सुरुवात जहाजांच्या कटकटीतून झाली. 1890 च्या दशकात ब्रिटिश नौदलाची डेअरिंग नावाची वेगवान बोट ठरलेला स्पीडच गाठेना, पंखा जोरात फिरला की पाण्यात पोकळ बुडबुडे होतात आणि पंख्याची पकड सुटते असं निघालं, त्याला नाव पडलं कॅव्हिटेशन. हे बुडबुडे मिटताना धातूला खड्डे पाडतात, वास्कोत दुरुस्तीला काढलेले पंखे बघितलेत तर कळेल (सगळे खड्डे गंजाचे नसतात). मिटणाऱ्या बुडबुड्यात दाब किती चढतो ते गणित ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ रेलेने 1917 मध्ये मांडलं.

त्याच सुमारास, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समध्ये भौतिकशास्त्रज्ञ लान्जव्हँ पाणबुड्या शोधायला क्वार्ट्झमधून अल्ट्रासाउंड काढत होता, त्यात टाकीतले मासे मेले. ते बघून आलेला अमेरिकन वुड पुढे लूमिसबरोबर यातच घुसला, 1927 च्या त्यांच्या पेपरात तेल-पाण्याचं इमल्शनसुद्धा आहे. माझ्या मते आपली गोष्ट इथूनच सुरू होते, म्हणजे आवाजाने दूर काय आहे ते शोधायचं सोडून जवळचं फोडायचं, तेही त्याच मिटणाऱ्या बुडबुड्यांनी.

धातूंच्या ऑक्साइडची पाळी बरीच नंतर आली. 1993 मध्ये जपानात मासुदा आणि मंडळींनी अॅल्युमिना, सिलिका, टायटॅनिया पाण्यात घालून उष्णता किती वाहते ते मोजलं, 1995 मध्ये अमेरिकेतल्या आर्गॉन लॅबच्या चोईने नॅनोफ्लुइड (नॅनो कण मिसळलेला द्रव) हे नाव रूढ केलं, आणि मग प्रोब, म्हणजे पाण्यात बुडवायची सोनिकेटरची कांडी, सगळीकडे. साधारण 20 किलोहर्ट्झ, खाली बर्फ ठेवायचा नाहीतर पाणी तापतं. शिवाय पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली) बघायचा, अॅल्युमिनाच्या पाण्याचा पीएच 9 च्या आसपास असेल तर कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारा चार्जच उरत नाही, फोडलेलं परत चिकटतं.

आणि गंमत म्हणजे प्रोबची टायटॅनियमची टिपही त्या पंख्यासारखीच खड्ड्यांनी भरते, तिचा चुरा सॅम्पलमध्येच पडतो. टायटॅनियम मोजायचं असेल तर आधी नुसतं पाणी तेवढाच वेळ चालवून बघा.