मौखिक आरोग्य आणि श्वसनविकार

तोंडातले जंतू, लाळ आणि अन्नकण श्वासनलिकेत उतरल्याने फुप्फुसाचा आजार होणे किंवा असलेला बळावणे, असा हा संबंध आहे. घशापर्यंत घास आणि श्वास यांची वाट एकच असते. झोपेत थोडी लाळ चुकीच्या वाटेने जाणे निरोगी माणसांतही, जवळपास निम्म्या जणांत, घडते; खोकला आणि श्वासनलिकेतले सूक्ष्म केस ती परत वर ढकलतात. पक्षाघात, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश किंवा गुंगीच्या औषधांमुळे ही राखण ढिली पडली, की लाळ खाली उतरते आणि ठसकाही लागत नाही.

त्या लाळेत काय आहे, हे दात आणि हिरड्या ठरवतात. एक मिलिलिटर लाळेत साधारण १० कोटी जंतू असतात. दातांवर जमणारा चिकट थर (प्लाक) हे त्यांचे घर. तो नुसत्या चुळीने निघत नाही, घासावाच लागतो. गंभीर रुग्णाच्या तोंडात काही दिवसांतच क्लेबसिएला, स्यूडोमोनास असे एरवी तिथे न रुजणारे जंतू ठाण मांडतात. व्हेंटिलेटरची नळी बसवलेली असेल, तर श्वासनलिकेत नळी घट्ट बसवणाऱ्या फुग्यावर साचलेली लाळ त्याच्या कडेने झिरपते. नळी घातल्यावर ४८ तासांनंतर उद्भवणाऱ्या न्यूमोनियाचे हे एक मुख्य कारण. फुप्फुसातल्या गळवाचे जंतू बहुधा हिरड्यांच्या खाचांतले, प्राणवायूविना वाढणारे असतात. म्हणून कफाला सडका वास येतो. दात अजिबात नसलेल्या माणसाला असे गळू क्वचित होते. झालेच तर श्वासनलिका गाठीने अडली आहे का, हे पाहावे लागते.

हिरड्यांचा आजार आणि सीओपीडी (श्वासमार्ग कायमचे अरुंद होणारा, दम लागणारा फुप्फुसाचा जुनाट आजार) अनेकदा एकाच माणसात दिसतात. पण धूम्रपान दोन्हींची मुळे पोसते, त्यामुळे एकाने दुसरा होतो असे ठामपणे म्हणता येत नाही. उलट दिशेचा परिणाम मात्र स्पष्ट आहे: स्टेरॉइडच्या इनहेलरने जिभेवर आणि टाळूवर बुरशीचे पांढरे चट्टे येतात. स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) वापरावा आणि प्रत्येक वेळी चूळ भरून थुंकावी; गिळू नये.

जपानमधल्या ११ वृद्धनिवासांत दोन वर्षे पाहणी झाली (२००२ साली प्रसिद्ध). नियमित तोंड स्वच्छ केलेल्यांत ११ टक्क्यांना, इतरांत १९ टक्क्यांना न्यूमोनिया झाला. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या द्रावणावर पूर्वी फार भिस्त होती. त्याने मृत्यू वाढत असावेत या शंकेमुळे, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांसाठीच्या २०२२ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी ते टाळून ब्रशवर भर दिला.

अंथरुणाला खिळलेल्याचे तोंड स्वच्छ करताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचलावी. बसणे शक्य नसेल तर कुशीवर वळवून, गाल खाली ठेवून. कवळी आधी काढावी. लहान, मऊ ब्रश ओला करून झटकून घ्यावा. पेस्ट मटारच्या दाण्याहून कमी. फेस जास्त झाला की तो घशात जातो. हिरडीच्या कडेने घासावे, जीभ मागून पुढे पुसावी. सगळ्यात जास्त चूक होते ती यानंतर. ब्रशने सुटलेला मळ तोंडातच राहिला, तर आपणच तो फुप्फुसाच्या वाटेला लावला असे होते. म्हणून दर काही फटक्यांनंतर सक्शनने (तोंडातले पाणी ओढून घेणाऱ्या यंत्राने) किंवा बोटाला गुंडाळलेल्या, पिळलेल्या ओल्या गॉजने तो टिपून घ्यावा. रुग्ण चावण्याची शक्यता असेल तर बोट दातांच्या मधे न घालता गालाच्या आतल्या बाजूनेच फिरवावे. पाणी ओतू नये. शेवटी ओठांना मलम लावावे.

नाकातून नळीने आहार घेणाऱ्याचे तोंड ‘काही खात नाही तर घाण कसली’ म्हणून राहून जाते. खरे तर चावणे थांबले की लाळ घटते, तोंड सुकते आणि थर अधिक वेगाने चढतो. त्यालाही दिवसातून दोनदा ब्रश हवाच.

कवळी रात्री काढून, घासून, साध्या पाण्यात ठेवावी. गरम पाण्याने ती वाकते. ८५ वर्षांवरील जपानी वृद्धांत कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक आढळला.