हरलेल्या मताची नोंद

आमच्या टीममध्ये एकदा दोन आठवडे वाद चालला होता. ऑर्डरची वेळ डेटाबेसमध्ये भारतीय प्रमाणवेळेत साठवावी की जागतिक प्रमाणवेळेत, एवढाच प्रश्न होता. ग्राहक सगळे भारतातले असल्यामुळे भारतीय वेळ ठरली आणि विरोधात असलेला सहकारी गप्प बसला. वर्षभराने दुबईचा पहिला ग्राहक आला, अहवालांतल्या वेळा दीड तासाने चुकू लागल्या, मध्यरात्रीच्या सुमाराच्या ऑर्डरी भलत्याच तारखेखाली दिसू लागल्या, आणि तो सहकारी भर बैठकीत म्हणाला, "मी तेव्हाच सांगितले होते." दुरुस्ती चार दिवसांत झाली, त्या वाक्यातून आलेला दुरावा मात्र पुढे कित्येक महिने कोड रिव्ह्यूच्या, म्हणजे एकमेकांचे प्रोग्रॅम तपासतानाच्या, शेऱ्याशेऱ्यात जाणवत राहिला.

अशा प्रसंगांचा शास्त्रीय अभ्यास झालेला आहे. कॅरेन जेन यांनी १९९५ मध्ये कामाविषयीचा मतभेद आणि माणसामाणसांतला बेबनाव या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या, आणि ज्या कामाला ठरीव साचा नसतो त्यात पहिल्या प्रकारचा मतभेद प्रसंगी उपयोगीही पडतो, असे त्यांना आढळले. पुढे २००३ मध्ये कार्स्टन डी ड्रू आणि लॉरी वाइनगार्ट यांनी तोवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा चित्र तितके आशादायक दिसले नाही, कारण दोन्ही प्रकारच्या संघर्षांसोबत टीमची कामगिरी सरासरीने खालावलेलीच दिसत होती. २०१२ मध्ये फ्रँक डी विट, लिंड्रेड ग्रीअर आणि स्वतः जेन यांनी ११६ अभ्यासांचे विश्लेषण केले आणि त्यातून मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा धागा हाती आला: जिथे कामाचा वाद आणि व्यक्तिगत बेबनाव एकमेकांत फारसे गुंतलेले नव्हते, तिथे कामाच्या वादाचे दुष्परिणाम कमी होते. म्हणजे वाद टाळण्यापेक्षा त्याला माणसावर घसरू न देणे हे खरे काम आहे.

वाद माणसावर घसरतो कधी? माझ्या मते, निर्णय विरोधात गेल्यामुळे तो क्वचितच घसरतो. आपले म्हणणे कोणी नीट ऐकलेच नाही, ही भावना त्याला घसरवते. जॉन थिबो आणि लॉरेन्स वॉकर यांनी १९७५ च्या सुमारास न्यायदानाच्या पद्धतींवर केलेले प्रयोग याला आधार देतात. आपली बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळालेल्या पक्षाला, निकाल विरोधात लागला तरी, प्रक्रिया अधिक न्याय्य वाटते.

पायथॉन या संगणकभाषेच्या इतिहासात याचे ठळक उदाहरण आहे. त्या भाषेतला प्रत्येक मोठा बदल 'पेप' नावाच्या क्रमांकित प्रस्तावातून जातो. २०१८ मधील पेप ५७२ ने एक नवे चिन्ह सुचवले: विसर्गासारखी दोन टिंबे आणि त्यापुढे बरोबरचे चिन्ह. एखादी किंमत काढता काढताच तिला नाव देता यावे, एवढाच त्याचा उद्देश होता. पण त्यावरून इतका कडवट वाद झाला की प्रस्ताव मंजूर केल्यानंतर, १२ जुलै २०१८ रोजी, भाषेचे जनक खीडो व्हॅन रॉसम यांनी अंतिम निर्णयाचा आपला अधिकारच सोडून दिला. एकाच माणसाकडे निर्णय असला की निर्णयावरचा सगळा राग त्याच माणसावर येतो, हे त्यातून उघड झाले. मग विकासकांनी मतदान करून पाच जणांची निवडून आलेली परिषद नेमली. एकाच कंपनीचे दोनांहून अधिक सदस्य तिच्यात असू शकत नाहीत, आणि तिने आपला अधिकार शक्य तितका कमी वापरावा, असे तिच्या नियमांतच लिहिलेले आहे.

त्या सगळ्या प्रकरणात माझे लक्ष वेधले ते पेपच्या एका जुन्या, साध्या प्रथेने. चर्चेत नाकारल्या गेलेल्या कल्पना कारणांसह प्रस्तावातच नोंदवल्या जाव्यात, अशी तिथे अपेक्षा असते. पेप ५७२ मध्येही नाकारलेल्या पर्यायांचा लांबलचक विभाग आहे, आणि ते चिन्ह ऑक्टोबर २०१९ मध्ये पायथॉन ३.८ सोबत आल्यानंतरही तो कोणालाही वाचता येतो.

वेळेच्या त्या प्रकरणानंतर आम्ही हेच उचलले. आता प्रत्येक मोठ्या निर्णयाचे एक पान असते: काय ठरले, का ठरले, कोणता पर्याय नाकारला, आणि कोणती परिस्थिती बदलली तर तो पुन्हा विचारात घ्यायचा. त्या वेळी असे पान असते, तर 'भारताबाहेरचा पहिला ग्राहक येईपर्यंत' ही ओळ त्यावर आली असती, आणि दुबईचा करार होताच ते पान आपोआप उघडले गेले असते. जुने बोलणे उकरून काढायची वेळ कोणावर आली नसती.

पान लिहायला पंधरा मिनिटे लागतात. नाकारलेल्या पर्यायाचा परिच्छेद ज्याचे मत मान्य झाले त्यानेच लिहायचा, आणि ज्याचे मत मागे पडले त्याने तो वाचून "हो, मला हेच म्हणायचे होते" असे म्हटल्याशिवाय पान पूर्ण झाले असे आम्ही मानत नाही. गेल्या महिन्यात एक परिच्छेद तीनदा परत आला. तिसऱ्या खेपेला लिहिताना, लिहिणाऱ्यानेच आपला निर्णय बदलला.