जड तारे मध्यभागी कसे आले? मृगातील तारकागुच्छाच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

मृग नक्षत्रातील बाणाच्या तीन ताऱ्यांखाली जो धूसर तेजोमेघ नुसत्या डोळ्यांनाही दिसतो, त्याच्या गाभ्यात गॅलिलिओने १६१७ मध्ये दुर्बिणीतून तीन तारे एकमेकांलगत पाहिले. चौथ्याची नोंद १६७३ मध्ये झाली आणि या चौकडीला पुढे ट्रॅपेझियम हे नाव पडले. चौघांतील सर्वांत तेजस्वी ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या तीसपटींहून अधिक आहे. त्यांच्याभोवती पसरलेल्या गुच्छात सुमारे दोन हजार तारे असून त्यांतील बहुतेक सूर्यापेक्षा लहान आहेत. सर्वांत जड तारे नेमके मध्यभागीच का, हा प्रश्न यातूनच उभा राहिला.

त्याचे एक उत्तर आधीपासूनच तयार होते. ताऱ्यांच्या गर्दीतून जाणाऱ्या जड ताऱ्याचा वेग गुरुत्वाकर्षणामुळे हळूहळू मंदावतो, हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९४३ मध्ये गणिताने दाखवले होते. अशा प्रत्येक जवळिकीत जड तारा आपली ऊर्जा हलक्या ताऱ्यांना देतो आणि स्वतः गाभ्याकडे सरकतो, तर हलके तारे बाहेर फेकले जातात. म्हाताऱ्या गुच्छांना हे स्पष्टीकरण चपखल बसते, कारण त्यांना या देवाणघेवाणीसाठी भरपूर काळ मिळालेला असतो.

मृगातील गुच्छ मात्र जेमतेम दहा ते तीस लाख वर्षांचा आहे. धुळीआड दडलेले त्याचे हलके तारे अवरक्त किरणांत दिसू लागल्यावर हिलेनब्रँड आणि हार्टमन यांनी १९९८ मध्ये वस्तुमानांची ही विभागणी, म्हणजे जड तारे आत आणि हलके बाहेर अशी मांडणी, ताऱ्यांच्या मोजणीतून दाखवून दिली. त्याच वर्षी बॉनेल आणि डेव्हिस यांनी संगणकीय प्रतिरूपांच्या आधारे सांगितले, की एवढ्या अवधीत जड तारे दुरून येऊन गाभ्यात ट्रॅपेझियमसारखे जमणे शक्य नाही, म्हणजे ते तिथेच किंवा अगदी जवळपास जन्मले असले पाहिजेत. गाभ्यात वायू सर्वाधिक दाट असतो, तेव्हा तिथला तारा अधिक वायू ओढून जड होतो, ही कल्पना या निष्कर्षाशी जुळणारी होती.

मला या इतिहासातला सर्वांत मोलाचा टप्पा त्यानंतरचा वाटतो. गुच्छ आरंभापासून गोल आणि स्थिरावलेला असतो, हे पूर्वीच्या बहुतेक प्रतिरूपांत गृहीतच धरलेले होते. प्रत्यक्षात तारे वायूच्या तंतूंमध्ये, लहान लहान पुंजक्यांत जन्मतात. २००७ मध्ये मॅकमिलन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की लहान पुंजक्यांत विभागणी लवकर होते आणि ते एकत्र मिसळले तरी ती टिकते. २००९ मध्ये ॲलिसन आणि सहकाऱ्यांना असे आढळले, की संथ गतीचा, विस्कळीत गुच्छ आपल्याच गुरुत्वाकर्षणाने कोसळला तर अल्पकाळ टिकणारा अतिदाट गाभा तयार होतो आणि सर्वांत जड तारे दहा लाख वर्षांच्या आतच मध्यभागी पोहोचू शकतात. त्यामुळे केवळ गुच्छाच्या कोवळ्या वयावरून विभागणी जन्मजात ठरवणे आता शक्य राहिलेले नाही. ताऱ्यांच्या आजच्या स्थानांबरोबर त्यांचे वेगही मोजावे लागतात, आणि गाया या अवकाश दुर्बिणीच्या मोजमापांचे महत्त्व इथेच आहे.