फळी उभी चिरण्यासाठी बँडसॉ घेण्यापूर्वी

घरच्या वर्कशॉपसाठी बँडसॉ (चाकांवर फिरणाऱ्या अखंड पट्टीसारख्या ब्लेडची यांत्रिक करवत) पाहायला येणारे बहुतेक ग्राहक पहिल्यांदा एकच विचारतात: या मशीनवर जास्तीत जास्त किती उंचीची फळी उभी चिरता (म्हणजे कडेवर उभी धरून पातळ फळ्यांत फाडता) येईल? प्रश्न रास्त आहे. परंतु केवळ त्या आकड्यावर खरेदी केली, की काही दिवसांत ‘मशीन सरळ कापत नाही’ अशी तक्रार आमच्याकडे येते. आमचा कारागीर घरी जाऊन पाहतो, तेव्हा मशीनमध्ये दोष क्वचितच निघतो. दोष असतो तो त्यावर चढवलेल्या ब्लेडचा.

मशीनसोबत मिळणारे ब्लेड बहुधा सर्वसाधारण कामाचे, इंचाला ६ किंवा त्याहून अधिक दाते असलेले असते. पातळ फळ्या आणि वळणे कापण्यासाठी ते चांगलेच आहे. मात्र ६ इंच उंचीची सागवानी फळी त्यावर उभी चिरू लागलो, की एका वेळी निदान ३६ दाते लाकडात असतात आणि दोन दात्यांमधल्या लहानशा खाचेत एवढ्या उंचीचा भुसा मावत नाही. तो तिथेच दाबून बसतो, दाते कापण्याऐवजी घासू लागतात, ब्लेड तापते आणि लाकूड जळाल्याचा वास येतो. मग ग्राहक फळी अधिक जोराने रेटतात आणि त्या रेट्याने ब्लेड लाकडाच्या आत वाकते. वरची आणि खालची कड रेघेवर, पण चिरलेल्या बाजूला मधोमध पोट सुटलेले, अशी फळी निघाली तर हेच घडले आहे असे समजावे. उभ्या चिराईसाठी इंचाला ३ दाते असलेले, हुक दात्यांचे (पुढे झुकलेल्या दात्यांचे), अर्धा इंच रुंदीचे आणि धार शाबूत असलेले ब्लेड लागते. त्याचे १८ दातेच ६ इंचांच्या फळीत असतात आणि खाचा मोठ्या असल्याने भुसा मोकळा बाहेर पडतो.

बँडसॉसोबत असे एक ब्लेड घ्याच, असा आमचा आग्रह असतो आणि काहींना तो जादा विक्रीचा प्रकार वाटतो. सागवानाचा आजचा भाव पाहता एक चांगली फळी वाया गेली, तरी ब्लेडचे पैसे त्यातच गेले, एवढे लक्षात घ्यावे. अर्ध्या इंचाहून रुंद, पाऊण इंची ब्लेड मात्र १४ इंची (म्हणजे तेवढ्या व्यासाच्या चाकांच्या) मशीनसाठी आम्ही स्वतःहून देत नाही, कारण अशा बहुतेक मशीनच्या फ्रेमला त्या ब्लेडला पुरेसा ताण देता येत नाही.

आता मशीनविषयी. १४ इंची चाकांच्या साध्या बँडसॉवर साधारण ६ इंच उंचीचे लाकूड बसते. जोडभाग लावून ती उंची १२ इंचांपर्यंत नेता येते, पण त्यामुळे मोटरची ताकद वाढत नाही. पेट्या, ड्रॉवरच्या बाजू आणि दारांची पॅनेल यांसाठी ६ इंच पुरतात आणि फळी सावकाश सरकवली तर १ एचपीची मोटर ते काम करते. १० ते १२ इंची फळ्या नेहमी चिरायच्या असतील, तर २ एचपीची मोटर आणि भक्कम पोलादी फ्रेम असलेले मशीन घ्यावे. त्यासाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आधी करून घ्यावा. रुंद फळी वर्षाकाठी एखादीच चिरायची असेल, तर ती पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून चिरून आणावी आणि घरी लहान मशीन ठेवावे. आमची विक्री कमी झाली, तरी सल्ला आम्ही हाच देऊ.

जुन्या वाड्यांचे सागवान वापरणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. त्यात डोके तुटलेले खिळे आत राहिलेले असतात. लाकडावर काळसर डाग दिसला, तर तिथे लोखंड आहे असे धरूनच चालावे आणि शक्यतो मेटल डिटेक्टर फिरवून घ्यावा. खिळ्याला घासून एका बाजूचे दाते बोथट झाले, की ब्लेड दुसऱ्या बाजूला ओढते. असे ब्लेड आम्ही बदलून देत नाही. दाते भिंगाखाली पाहिले की कारण स्पष्ट दिसते आणि ते आम्ही ग्राहकांनाही दाखवतो.

फोन करण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. वरचा गाईड (ब्लेडला आधार देणारा, वरखाली सरकणारा भाग) लाकडापासून अर्ध्या सेंटीमीटरवर उतरवलेला असावा. तसेच फळीच्या कडेला समांतर रेघ मारून, फेन्स (फळी टेकवून सरकवण्याची टेबलावरची सरळ पट्टी) न लावता, हाताने त्या रेघेवर निम्म्यापर्यंत कापावे आणि मशीन बंद करून फळी टेबलावर कोणत्या कोनात राहिली ते पाहावे. फेन्स त्याच कोनात लावला, की कापाचे भरकटणे बहुतेक वेळा थांबते.

खरेदीपूर्वी आपले स्वतःचे लाकूड दुकानात आणल्यास आम्ही ते आपल्यासमोर चिरून दाखवतो, त्याचे पैसे घेत नाही. फळीची एक बाजू आणि एक कड मात्र रंधून आणावी; वाकडी फळी टेबलावर डुलते आणि तशा कापावरून कोणत्याच मशीनची पारख होत नाही.