ब्लड कॅन्सरच्या ट्रान्सप्लांटनंतरचं पथ्य आलं कुठून? थोडी पार्श्वभूमी

पुण्यात ब्लड कॅन्सरसाठी स्टेम सेल ट्रान्सप्लांट होणं आता नवलाचं राहिलेलं नाही. सोलापूर, लातूर, नांदेड, सांगलीकडची कुटुंबं येतात, हॉस्पिटलच्या जवळपास खोली घेतात आणि तीनेक महिने मुक्काम ठोकतात. ट्रान्सप्लांट म्हणजे थोडक्यात केमो देऊन मग रक्त तयार करणाऱ्या पेशी (स्टेम सेल्स) शिरेतून द्यायच्या, कधी पेशंटच्या स्वतःच्याच साठवलेल्या, कधी डोनरच्या; हे सगळं त्यांना डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलेलं असतं, त्यात इथे जास्त शिरत नाही. पण डिस्चार्जच्या वेळी हातात पथ्याचा जो कागद पडतो त्यातला कुठला नियम कुठून आला, कधी आला आणि त्याच्यामागे पुरावा किती, हे कुणी सांगत नाही. आणि घरात सगळ्यात जास्त भांडणं त्या कागदावरूनच होतात, म्हणून हे लिहितेय.

सुरुवातीचा काळ फार वाईट होता. १९५७ साली अमेरिकेतून पहिला रिपोर्ट आला, सहा पेशंट्सना दुसऱ्याचा बोन मॅरो, म्हणजे हाडातला रक्त तयार करणारा गर, शिरेतून दिला होता, त्यातला एकही शंभर दिवसांच्या पुढे जगला नाही. डोनर आणि पेशंटच्या पेशी जुळतात का हे बघायची, म्हणजे टिश्यू मॅच करायची सोयच तेव्हा नव्हती. साठच्या दशकात बहुतेकांनी हा नाद सोडून दिला. १९६८ मध्ये जन्मजात इम्युनिटी नसलेल्या बाळांमध्ये भावंडाचा मॅरो टिकला आणि परत आशा वाटायला लागली. मग १९७७ मध्ये ल्युकेमिया या ब्लड कॅन्सरच्या १०० पेशंट्सचा हिशोब आला, सगळे उपाय थकलेले लोक, त्यातले १३ दीर्घकाळ जगले. आज हा आकडा ऐकून धस्स होतं, पण त्या लोकांसाठी दुसरं काहीच उरलेलं नव्हतं आणि त्या तेरांवरच पुढचं सगळं उभं राहिलं. १९९० मध्ये या कामाला नोबेलही मिळालं.

आपल्याकडे पहिला ट्रान्सप्लांट १९८३ मध्ये परळला झाला, नऊ वर्षांची मुलगी, ल्युकेमिया. तीनेक वर्षांनी वेल्लोरला सुरू झालं. पुण्याच्या पेशंटला तेव्हा या दोनपैकी एक ठिकाण गाठणं किंवा परदेशी जाणं एवढेच रस्ते होते.

पथ्याच्या कागदाचं मूळ सत्तरच्या दशकातल्या त्या खोल्यांमध्ये आहे. प्लास्टिकच्या पडद्याआड पेशंट, गाळलेल्या हवेचा एकाच दिशेने झोत, आत येणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक, जेवणसुद्धा, आणि आतड्यातले जंतू मारायला वेगळी अँटिबायोटिक्स, जी रक्तात शोषली जात नाहीत, आतड्यातच काम करतात. घरच्यांनी काचेतून बघायचं. आता हे अघोरी वाटतं पण त्यावेळच्या डॉक्टरांना दोष देता येत नाही. काउंट, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्या, शून्यावर गेला की तीन-चार आठवडे वर यायचा नाही, काउंट वाढवायची इंजेक्शनं नव्हती, बुरशीवर धड औषध म्हणजे एकच, तेही किडनीला झोडपणारं, आणि इम्युनिटी पडली की उसळणाऱ्या सीएमव्ही व्हायरसवर तर काहीच नाही. इन्फेक्शन झालं तर माणूस हातचा जाणार हे माहीत असल्यावर जे जे अडवता येईल ते अडवायचं, हीच बुद्धी होणार.

नव्वदच्या दशकात चित्र पालटलं. कमरेच्या हाडातून मॅरो काढण्याऐवजी डोनरला इंजेक्शनं देऊन हातातल्या रक्तातूनच मशीनने सेल्स गोळा करायला लागले, त्यामुळे काउंट लवकर यायला लागला. मायलोमा, लिम्फोमा या ब्लड कॅन्सरसाठी स्वतःच्याच सेल्सचा ट्रान्सप्लांट असेल तर दहा ते चौदा दिवसांत. सीएमव्हीवर औषध आलं, बुरशीवरची गोळी आली. नव्वदीच्या शेवटी शेवटी कमी ताकदीची केमो वापरून साठीच्या माणसांनाही डोनरचा ट्रान्सप्लांट देता यायला लागला. आणि २००८ च्या आसपास अर्ध्या मॅचचा ट्रान्सप्लांट रुळायला लागला, म्हणजे सेल्स दिल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी एका जुन्याच केमो औषधाचा डोस द्यायचा, त्याने पेशंटच्या शरीरावर उसळलेल्या डोनरच्या पेशी शांत होतात. आपल्याकडे एक-दोन मुलांची घरं, पूर्ण मॅच भाऊ-बहीण मिळणार कुठून, त्यामुळे आई किंवा मुलगा डोनर होऊ शकतो याने कितीतरी दारं उघडली. थोडक्यात धोक्याचा काळ आखडला, औषधं वाढली. पण कागदावरचे नियम बरेचसे तेच राहिले.

आता खाण्याकडे येते, कारण खरा वाद तिथे आहे. नियम असा की कच्चं काहीही नाही. कोशिंबीर नाही, काकडी नाही, वरून भुरभुरलेली कोथिंबीर नाही, साल न निघणारी फळं नाहीत म्हणजे द्राक्षं गेली, घरी लावलेलं दही नाही, ताक नाही, दाण्याची चटणी नाही, तीर्थ नाही, पंचामृत नाही. कुकरमधून थेट ताटात आणि उरलं तर पेशंटला परत द्यायचं नाही. तोंड आलेलं, चव गेलेली, पाण्यालासुद्धा लोखंडाचा वास येतोय अशा माणसाला रोज मऊ भात आणि वरण. आणि आपल्याकडे तोंडाला चव नसली की माणूस नेमकं तेच मागतो, दहीभात, ताक, लिंबाचं लोणचं.

हा नियम त्या प्लास्टिकच्या पडद्याआडूनच आलाय. आधी जेवण पूर्ण निर्जंतुक असायचं, ते महाग पडायचं आणि तोंडात घालवायचं नाही, मग ते सैल करून नुसतं शिजवलेलं द्या यावर आले. तर्क बरोबरच होता. हॉस्पिटलच्या सॅलडमध्ये स्युडोमोनाससारखे जंतू सापडतात हे तेव्हाच दिसलं होतं, आणि केमोने आतड्याचं अस्तर सोललेलं असतं तेव्हा तिथून जंतू रक्तात जाणं सोपं. पण सॅलडमध्ये जंतू सापडणं आणि त्या सॅलडने पेशंटला इन्फेक्शन होणं यात मधला दुवा कुणी तपासलाच नव्हता. नियम आधी आला, तपासणी तीस वर्षांनी.

२००८ मध्ये ह्यूस्टनच्या एका अभ्यासात ल्युकेमियाच्या पहिल्या केमोचे १५३ पेशंट घेतले, काहींना फक्त शिजवलेलं, काहींना ताजी फळं आणि कच्च्या भाज्याही. मोठ्या इन्फेक्शनमध्ये किंवा मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही. ते ट्रान्सप्लांटचे पेशंट नव्हते म्हणून लोकांनी ते बाजूला ठेवलं. २०१२ मध्ये शिकागोहून ७२६ ट्रान्सप्लांट पेशंट्सच्या जुन्या फायली तपासून झाल्या, त्यात तर कडक पथ्यवाल्यांमध्येच इन्फेक्शन जास्त निघालं, अर्थात जुन्या फायलींवरून ठाम बोलता येत नाही. मग २०२३ मध्ये इटलीतून दोनशेच्या वर ट्रान्सप्लांट पेशंट्सची नीट चाचणी आली, मोकळं जेवण कडक पथ्यापेक्षा कमी पडत नाही असं त्यात दिसलं. आणि २०२४ मध्ये अमेरिकेतून जी चाचणी मांडली गेली तिला मात्र तेवढं ठामपणे म्हणता आलं नाही. म्हणजे विषय मिटलाय असं मीही म्हणणार नाही.

याच काळात दुसरीकडून एक गोष्ट कळली. २०२० मध्ये अमेरिका, जर्मनी आणि जपानमधल्या १,३६२ ट्रान्सप्लांट पेशंट्सच्या शौचाचे नमुने तपासले गेले, आतड्यात जितके कमी प्रकारचे जंतू तितकं मृत्यूचं प्रमाण जास्त. सत्तरच्या दशकात जे आतडं रिकामं करायला धडपडत होते तेच आतडं भरलेलं असलेलं बरं, असं हे उलटं झालं. यात अँटिबायोटिक्सचा हात मोठा आहे आणि नुसतं फळ खाऊन ते भरून निघतं असं कुणी सिद्ध केलेलं नाही, पण महिनोन्महिने वरणभात आणि बिस्किटावर ठेवलेल्या माणसाच्या आतड्याला काय मिळतंय हा प्रश्न तरी विचारायला हवा.

इथले डॉक्टर म्हणतात ते परदेशी अभ्यास आम्हाला सांगू नका, तिथलं नळाचं पाणी आणि इथलं पाणी एक आहे का? हा मुद्दा खोटा नाही. आपल्याकडे आतड्यात राहणारे आणि बऱ्याच अँटिबायोटिक्सना न जुमानणारे जंतू हा ट्रान्सप्लांट युनिट्सचा मोठा प्रश्न आहे. आणि पुणेकरांना तर जानेवारी २०२५ लक्षात असेल, सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडणाऱ्या आजाराचे, पेशंट एकदम वाढले, काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा पोटाचा जंतू सापडला आणि बोट पाण्याकडे गेलं. धडधाकट माणसांची ती अवस्था, तर ट्रान्सप्लांटवाल्याचं काय. म्हणून पाणी उकळून पिणं, बाहेरची पाणीपुरी, उसाचा रस, भेळ बंद, कच्चं दूध, अर्धकच्चं अंडं-मटण बंद, हात साबणाने, चिरायची पाटी वेगळी, यावर कुणाचाच वाद नाही आणि माझाही नाही.

माझं म्हणणं एवढंच की स्वच्छता आणि यादी या दोन गोष्टी एकत्र बांधल्या गेल्यात. घरी उकळलेल्या पाण्यात धुऊन सोललेलं सफरचंद आणि रस्त्यावरची चटणी एकाच रांगेत बसवलं की घरचे घाबरून काहीच देत नाहीत, पेशंटचं वजन उतरत जातं, अशक्तपणाने चालणं बंद, मग नळीने खायला घालायची वेळ येते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ताप आला की आई नाहीतर बायको मनात धरून बसते, मीच काहीतरी चुकीचं दिलं असणार. काउंट नसताना येणारा बराचसा ताप पेशंटच्या स्वतःच्याच आतड्यातल्या जंतूंमुळे किंवा औषधं द्यायला छातीत बसवलेल्या नळीमुळे (लाइन) असतो, त्या बाईच्या कोशिंबिरीचा त्यात काही संबंध नसतो, हे तिला कुणीतरी स्पष्ट सांगायला पाहिजे. अर्थात आपलं आपण ठरवून पथ्य मोडू नका, आपल्या युनिटला सरळ विचारा की काउंट आल्यावर यातलं काय सुरू करायचं. विचारलं की बरेच जण यादी सैल करतात, असा इथल्या बऱ्याच घरांचा अनुभव आहे. पॅकबंद पाश्चराइज्ड दुधाचं दही काही ठिकाणी लवकर चालतं, काही ठिकाणी इम्युनिटी दाबायच्या गोळ्या असेपर्यंत नाही.

यादीतल्या काही गोष्टी मात्र जंतूंसाठी नाहीतच. पपनस आणि ग्रेपफ्रूट बंद असतं कारण त्याने टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन या इम्युनिटी दाबायच्या औषधांची रक्तातली पातळी चढते, ते कितीही धुतलं तरी उपयोग नाही. तसंच गुळवेलीचा काढा. कोविडमध्ये घरोघरी सुरू झाला, मग मुंबईतल्या डॉक्टरांनी त्याने लिव्हरला इजा झालेल्या केसेस मांडल्या. डोनरच्या ट्रान्सप्लांटनंतर इम्युनिटी मुद्दाम दाबून ठेवलेली असते, नातेवाइकांनी प्रेमाने आणलेलं इम्युनिटी वाढवायचं काहीही तिथे उलटं पडू शकतं.

हवेचा नियम जुन्या खोल्यांमधून आला तो मात्र टिकला आणि टिकायलाच हवा. बांधकामाच्या धुळीत ॲस्परजिलस बुरशीचे कण असतात आणि फुप्फुसात ते रुजले तर निस्तरणं अवघड. पुण्यात तर मेट्रो, उड्डाणपूल आणि प्रत्येक गल्लीत रिडेव्हलपमेंट, त्यामुळे खोली घेताना भाड्याच्या आधी शेजारी खोदकाम चालू आहे का ते बघा. कुंड्यांची माती, देवघरातली शिळी फुलं हेही त्यातच येतं.

हॉस्पिटलच्या जवळ राहायची मुदत शंभर दिवसांची असते, त्या शंभराचंही थोडं सांगते. डोनरच्या पेशी पेशंटच्या अंगावर उठतात ती जीव्हीएचडी, ती शंभर दिवसांच्या आत आली तर तीव्र (ॲक्यूट) आणि नंतर आली तर जुनाट, अशी वाटणी बरीच वर्षं चालली. २००५ मध्ये तज्ज्ञांनी ती बदलली, दिवस मोजू नका, लक्षणं बघा असं ठरलं. तरी हॉस्पिटलच्या जवळ राहायची मुदत आणि घरच्यांच्या मनातली रेघ शंभरावरच राहिली. एकशेएकाव्या दिवशी लातूरला परत गेलेल्या माणसाला वाटतं संपलं, आणि डोळे कोरडे पडणं, तोंडात चट्टे, धाप लागणं हे सहाव्या-आठव्या महिन्यात सुरू होतं, तेव्हा त्याचा ट्रान्सप्लांटशी संबंध आहे हे गावातल्या डॉक्टरला लगेच सुचेलच असं नाही. जुनाट प्रकारावर स्टेरॉइडच्या पलीकडे खास मान्यता मिळालेली गोळी पहिल्यांदा २०१७ मध्ये आली, तीही अमेरिकेत.

लसींचा भाग सगळ्यात शेवटी कागदावर आला आणि सगळ्यात जास्त विसरला जातो. ट्रान्सप्लांटनंतर लहानपणीच्या लसींची आठवण शरीरातून पुसट होत जाते, त्यामुळे परत सुरुवात करावी लागते. न्यूमोनियाची लस साधारण तीन ते सहा महिन्यांनी, फ्लूची सहा महिन्यांपासून दरवर्षी, धनुर्वात, हेपॅटायटिस बी वगैरे सहा ते बारा महिन्यांत. गोवरसारखी जिवंत लस दोन वर्षांनी, तीही जीव्हीएचडी नसेल आणि इम्युनिटी दाबणाऱ्या गोळ्या बंद असतील तरच. घरात लहान मूल असेल आणि पल्स पोलिओचा रविवार जवळ आला असेल तर आधी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना फोन करा, कारण तोंडावाटे दिलेल्या पोलिओ डोसातला जिवंत व्हायरस बाळाच्या शौचातून काही आठवडे बाहेर पडत राहतो, आणि त्याच घरातल्या पेशंटने तेवढे दिवस बाळाचे लंगोट बदलायचे नसतात.