निर्माता आणि फायनान्सर: पैसा कुणाचा, सिनेमा कुणाचा

जुन्या हिंदी सिनेमाच्या गप्पा रंगल्या की कुणीतरी हमखास म्हणतं, "निर्माता काय, पैसे लावणारा शेठ." दिग्दर्शकाने सिनेमा केला, नटांनी तो गाजवला, संगीतकाराने तारला आणि निर्मात्याने फक्त थैली सोडली, असा सरसकट समज आहे. मी ताडदेवच्या चाळीत वाढलो. आमचे काका सिनेमाची फिल्म धुऊन प्रिंट काढणाऱ्या एका लॅबमध्ये निगेटिव्ह विभागात नोकरीला होते. निर्माता आणि फायनान्सर ही दोन माणसं त्यांच्यामुळे मला लहानपणीच वेगवेगळी दिसली. या दोघांना एक समजलं की निर्मात्याचं सगळं आयुष्यभराचं काम आपण नकळत पुसून टाकतो, आणि ते मला खरंच लागतं.

आधी सोप्या माणसाकडे वळू. फायनान्सर म्हणजे सावकार. तो सिनेमाला कर्ज देतो. जुन्या मुंबईत हा व्यवहार बहुतेक हुंडीवर, म्हणजे पैसे फेडण्याच्या लेखी कागदावर चालायचा आणि व्याज महिन्याच्या हिशेबाने, शेकडा दोन-तीन रुपये. सिनेमा चालो न चालो, मुद्दल आणि व्याज त्याला परत मिळालं पाहिजे. कथेत काय आहे, गाणी किती आहेत, याची तो चौकशी करायचा ती वसुलीच्या काळजीने. हिरो कोण हा त्याचा पहिला प्रश्न, कारण हिरोच्या नावावर वितरक पैसे देणार आणि त्यातून त्याचं कर्ज फिटणार. यात कमीपणाचं काही नाही. बँका सिनेमाला उभं करत नव्हत्या तेव्हा हीच मंडळी होती.

निर्मात्याचं काम सांगायला वेळ लागतो. कथा त्याने निवडायची, लेखकाला बसवायचं, दिग्दर्शक ठरवायचा, नटांच्या तारखा जुळवायच्या, स्टुडिओचा फ्लोअर धरायचा. पैसे कुठून तरी उभे करायचे, आणि ते संपले की पुन्हा उभे करायचे. सेन्सॉरकडे त्यानेच जायचं, प्रिंट वेळेवर थिएटरात त्यानेच पोचवायच्या. शूटिंगला माणूस जखमी झाला तर दवाखान्याचं बिल त्याच्याकडे आणि हिरोईन रुसली तर तिच्या घरी तोच. सगळ्यांची देणी चुकती झाल्यावर काही उरलं तर ते त्याचं. नाही उरलं तर घर, दागिने, जे असेल ते जायचं.

कायदाही हेच म्हणतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात सिनेमाचा 'कर्ता' म्हणजे सिनेमा पूर्ण होताना जो त्याचा मालक असेल तो, असं धरलं होतं. १९९४च्या दुरुस्तीत तिथे सरळ 'निर्माता' हा शब्द आला. निर्माता कोण, तर सिनेमा करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. व्याख्येत पुढाकार आहे, जबाबदारी आहे, पैशाचा उल्लेख नाही. निर्मात्याकडे स्वतःचा एक पैसा नसला तरी तो निर्माता असू शकतो, आणि हिंदी सिनेमात हे असंख्य वेळा घडलंय.

शशधर मुखर्जी हे त्याचं ठळक उदाहरण. ते मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये आले ते ध्वनिमुद्रणाच्या कामासाठी. ही कंपनी हिमांशू राय यांनी १९३४ साली उभी केली होती, शेअर विकून, रीतसर. तिथे नटनट्या पगारावर असत. मुखर्जी तिथेच निर्मिती शिकले आणि १९४३चा 'किस्मत' त्यांच्या निर्मितीत झाला. त्याच वर्षी अशोक कुमार वगैरे मंडळींबरोबर बाहेर पडून त्यांनी गोरेगावला फिल्मिस्तान सुरू केलं, आणि पुढे अंधेरीत फिल्मालय. भांडवल त्या त्या वेळी वेगवेगळ्या लोकांचं होतं. कोणत्या नव्या मुलीला घ्यायचं, कोणती कथा चालेल, संगीत कुणाकडे द्यायचं ही नजर मात्र मुखर्जींची होती. कारकीर्द म्हणतात ती ही. फायनान्सरला कारकीर्द नसते, त्याला खातेवही असते.

मग हा सावकार सिनेमात एवढा शिरला कसा? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काळ्या बाजारात कमावलेला पैसा जागा शोधत होता. त्याने नटांना स्टुडिओच्या पगारापेक्षा कितीतरी जास्त रकमा देऊ केल्या. नट मोकळे झाले आणि पगारी पद्धतीवर उभे असलेले स्टुडिओ एकेक करून खचले. स्टुडिओ भाड्याने घेऊन एकेक सिनेमा करणारे स्वतंत्र निर्माते आले. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालच्या चित्रपट चौकशी समितीने १९५१च्या अहवालात हे सगळं मांडलंय. स्टुडिओची इमारत, यंत्रं, जमीन हे तारण होतं. स्वतंत्र निर्मात्याकडे तारण ठेवायला काय होतं? फक्त निगेटिव्ह, म्हणजे शूट झालेली मूळ फिल्म, जिच्यावरून थिएटरच्या प्रिंट निघतात.

इथे मला काकांच्या लॅबचं सांगितलंच पाहिजे. शूट झालेली निगेटिव्ह निर्मात्याच्या घरी जात नसे. ती लॅबमध्ये, गार खोलीत, पत्र्याच्या चपट्या डब्यांत राहायची. तीन तासांचा सिनेमा म्हणजे सोळा-अठरा रिळं. डब्यावर पांढरी पट्टी, पट्टीवर सिनेमाचं नाव आणि रिळाचा नंबर. फायनान्सर कर्ज देताना लॅबकडून लिहून घ्यायचा की माझ्या परवानगीशिवाय या निगेटिव्हवरून प्रदर्शनाच्या प्रिंट काढून देणार नाही. याला लॅब लेटर म्हणत. बांद्र्याचा बंगला निर्मात्याचा असेल नाहीतर नसेल, पण त्या डब्यांची किल्ली खरं म्हणजे या कागदात होती.

एका गुरुवारी मी काकांचा जेवणाचा डबा पोचवायला गेलो होतो, सातवी-आठवीत असेन. दुसऱ्या दिवशी एक सिनेमा लागायचा होता. प्रिंटच्या पेट्या भरून दाराशी रांगेने ठेवल्या होत्या, दोऱ्या बांधून, वर गावांची नावं खडूने लिहून. बाकावर निर्माते बसले होते. पांढरा सफारी, पायात चपला, समोर अर्धा प्यालेला चहा. फायनान्सरचं 'सोडा' असं पत्र यायचं होतं आणि हिशेबात काही फरक निघाला होता म्हणून ते अडलं होतं. काका म्हणाले, "हे दुपारी तीनपासून इथेच आहेत." मला वाटलं, ज्यांचा सिनेमा आहे त्यांनाच तो उचलता येत नाही? काकांना तसं विचारलं, तर त्यांनी हळूच सांगितलं, "सिनेमा त्यांचाच आहे रे. अजून सुटलेला नाही, एवढंच." पत्र आलं तेव्हा नऊ वाजून गेले होते. निर्माते उठले आणि दोन पेट्या त्यांनी स्वतः हमालाबरोबर टॅक्सीत चढवल्या, मुंबई सेंट्रलच्या गाडीसाठी. पत्र घेऊन आलेला माणूस सही घेऊन केव्हाच निघून गेला होता.

लोकांचा आणखी गोंधळ होतो तो तिसऱ्या माणसामुळे, म्हणजे वितरकामुळे. त्याच्यावर फार वेळ घालवत नाही, पण वगळूनही चालणार नाही. लॅमिंग्टन रोडला नाझ सिनेमाच्या इमारतीत वितरकांच्या कचेऱ्यांची गर्दी असे. देशाचे 'टेरिटरी' म्हणून भाग पाडलेले होते: मुंबई, दिल्ली-यूपी, निजाम, बंगाल वगैरे. आपल्या वऱ्हाड-मध्य प्रांताच्या धंद्यात भुसावळचं मोठं नाव, तिथल्या सर्किटच्या संघटनेचं मुख्यालय आजही भुसावळला आहे. वितरक त्या भागाचे हक्क घ्यायचा आणि मिनिमम गॅरंटी, बोलीभाषेत एम.जी., म्हणजे सिनेमा कसाही चालला तरी ठरलेली किमान रक्कम, निर्मात्याला द्यायचा. ती रक्कम, प्रिंट-जाहिरातीचा खर्च आणि कमिशन वसूल झाल्यावर वर जे येईल तो ओव्हरफ्लो, त्यात निर्मात्याचा वाटा. एम.जी.चे हप्ते सिनेमा होत असतानाच मिळू लागत, म्हणून बऱ्याच सिनेमांत खरं भांडवल वितरकांचंच असे आणि खड्डा बुजवायला फायनान्सर. वितरक जोखीम घेतो, फायनान्सर शक्यतो घेत नाही, एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुरे.

वितरकच निर्माता झाला की काय होतं ते ताराचंद बडजात्यांनी दाखवलं. त्यांची राजश्री ही कंपनी १९४७ साली वितरणासाठी सुरू झाली, निर्मिती आली १९६२च्या 'आरती'पासून. १९६४ला त्यांनी 'दोस्ती' केला, दोन गरीब मुलांची कथा, मुख्य भूमिकांत नावाजलेलं कुणीच नाही. हिरोचं नाव विचारणारा सावकार अशा कथेवर कर्ज देईल असं मला वाटत नाही. थिएटरं आणि प्रेक्षक वर्षानुवर्षं जवळून पाहिलेल्या माणसाला ती हिंमत झाली, आणि फिल्मफेअरचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पारितोषिक त्या सिनेमाला मिळालं.

दोन भूमिका समोरासमोर पाहायच्या तर 'मुघल-ए-आझम' घ्यावा. के. आसिफ यांच्या मनात हा सिनेमा फाळणीच्या आधीपासून होता. पहिले पैसे देणारे शिराझ अली हकीम फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि काम बंद पडलं. पुढे शापूरजी पालनजी मिस्त्री यांनी पैसा दिला. ते बांधकामवाले, सिनेमाचे नव्हेत. मुंबई सेंट्रल स्टेशन त्यांच्या कंपनीने बांधलेलं. ५ ऑगस्ट १९६० रोजी सिनेमा लागला तो त्याच स्टेशनसमोरच्या मराठा मंदिरात. श्रेयनामावलीत निर्माता आणि दिग्दर्शक म्हणून के. आसिफ. शीशमहालाचा हट्ट त्यांचा, वर्षानुवर्षं थांबण्याची तयारी त्यांची. त्यांच्याशिवाय हा सिनेमा झालाच नसता, आणि शापूरजींच्या संयमाशिवाय पुराच झाला नसता. पण २००४ साली तो रंगीत होऊन पुन्हा आला, तेव्हा ते काम शापूरजींच्या स्टर्लिंग इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशनने केलं, कारण हक्क त्या कंपनीकडे होते. नाव आसिफ यांचं राहिलं, निगेटिव्ह पैसेवाल्यांकडे. दोघांना एक समजणाऱ्याने ही गोष्ट नीट वाचावी.

निर्मात्याची जबाबदारी म्हणजे काय हे 'नया दौर'मध्ये दिसतं. बी. आर. चोप्रांनी मधुबालाला घेतलं होतं. भोपाळकडच्या बाहेरच्या शूटिंगला पाठवायला तिच्या वडिलांनी नकार दिला. चोप्रांनी तिच्या जागी वैजयंतीमालाला घेतलं, प्रकरण कोर्टात गेलं, दिलीप कुमार साक्षीला उभे राहिले. पुढे चोप्रांनी खटला मागे घेतला आणि १९५७ साली सिनेमा आला. शूटिंग मुंबईतच उरकायचं, की हिरोईन बदलून पुन्हा सुरुवात करायची, हा निर्णय चोप्रांना घ्यावा लागला. फायनान्सरने फक्त व्याजाचे महिने मोजले असते.

आणि आपल्या दादासाहेब फाळक्यांकडे या दोन्ही बाजू पहिल्याच दिवसापासून होत्या. वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित करून ती पैसेवाल्यांना दाखवायची, सरस्वतीबाईंचे दागिने गहाण टाकायचे आणि त्यातून १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' उभा करायचा. कर्ज देणाऱ्यांची नावं आज अभ्यासक सोडून कुणाला आठवत नाहीत. राज कपूरचंही तेच. 'मेरा नाम जोकर' १९७० साली पडला तेव्हा डोक्यावर कर्ज त्याच्या होतं आणि ते फेडायला १९७३चा 'बॉबी'ही त्यालाच करावा लागला.

सरकारनेही ही दोन्ही कामं वेगवेगळ्या वेळी केलीत. पाटील समितीच्या शिफारशीतून १९६० साली फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन आलं. नावातच फायनान्स. १९६९चा 'भुवन शोम' त्याच्या कर्जावर झाला, पण निर्माते मृणाल सेन. पुढे हे महामंडळ राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, म्हणजे एनएफडीसीत विलीन झालं आणि १९८३च्या 'जाने भी दो यारो'चं निर्माता स्वतः एनएफडीसी होतं. नियमात न बसणारं एक उदाहरणही सांगायला हवं: 'मंथन', १९७६. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि सिनेमा त्यांच्याच नावाने आला. त्यांना व्याज नको होतं. त्यांना फायनान्सर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

१९९८ साली सरकारने सिनेमाला उद्योगाचा दर्जा जाहीर केला, बँकांची दारं किलकिली झाली, कंपन्या आल्या. निगेटिव्हचे डबे गेले. जाहीर नोटिसा मात्र आहेत. सिनेव्यवसायाच्या साप्ताहिकांत आजही मागच्या पानांवर बारीक अक्षरात छापून येतं की अमुक चित्रपटाचे हक्क आमचे अशील विकत घेत आहेत, कुणाचा बोजा वा दावा असल्यास इतक्या दिवसांत कळवावा. त्यात अनेकदा पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे सिनेमे असतात. निर्माता कधीच गेलेला, मुलं परदेशात, आणि कुठल्यातरी जुन्या हुंडीचा वारस अजून दावा लावून बसलेला. काका निवृत्त झाल्यावरही त्या नोटिसा वाचायचे आणि एखादं नाव ओळखीचं निघालं की म्हणायचे, "याचे डबे मी लावले होते, वरच्या फळीवर, डावीकडे."