खोक्यावरचे वॅट, खोलीतला आवाज

यामाहाचा आरएक्स-व्ही३८५ हा ५.१ चॅनेलचा (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर), पहिल्यांदाच घेणाऱ्यांच्या आवाक्यातला रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन घरातले स्पीकर चालवणारं यंत्र. त्याच्या माहितीपत्रकात ताकदीचे तीन आकडे आहेत: ७०, १०० आणि १३५ वॅट. यंत्र एकच, आकडे तीन, आणि तिन्ही खरे.

७० वॅट मिळतात ते दोन चॅनेल एकाच वेळी चालू असताना, २० ते २०,००० हर्ट्झ या कानाला ऐकू येणाऱ्या संपूर्ण पट्ट्यात, ०.०९ टक्के डिस्टॉर्शनवर (मूळ आवाजात होणाऱ्या बिघाडावर). एकच चॅनेल चालवला, त्याला फक्त १,००० हर्ट्झचा सूर दिला आणि डिस्टॉर्शन दहापट वाढू दिलं, की आकडा होतो १००. तेच डिस्टॉर्शन १० टक्क्यांपर्यंत, म्हणजे आवाज उघड फाटेपर्यंत नेलं की १३५. सिनेमा चालू असताना पाचही चॅनेल एकाच ट्रान्सफॉर्मरवर जगतात, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला ७०पेक्षाही कमी येतात. दोन कंपन्यांची तुलना करायची तर दोन्हीकडची अट सारखी हवी: किती चॅनेल, किती ओहमचा स्पीकर, कोणता पट्टा, किती डिस्टॉर्शन. अट न छापता नुसते वॅट छापलेले असतील, किंवा ‘पीएमपीओ’ (क्षणभराची फुगवलेली ताकद) लिहिलेलं असेल, तर तो आकडा नाहीच असं समजावं.

आता गंमत अशी, की ७० आणि १०० वॅटमधला फरक कानाला जेमतेम दीड डेसिबलचा. आपला कान बेरजेने ऐकत नाही, पटीने ऐकतो. ताकद दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात. आवाज ‘दुप्पट मोठा’ वाटायला ताकद साधारण दहापट लागते. म्हणून वॅटच्या आकड्याआधी स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघावी. १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा. ८४ डेसिबलच्या स्पीकरला जे काम करायला १०० वॅट लागतात, ते ९० डेसिबलचा स्पीकर २५ वॅटमध्ये करतो. हे पंचाहत्तर वॅट फुकटात मिळाले!

एका नेहमीच्या हॉलचं गणित मांडू. सोफा स्पीकरपासून ३ मीटरवर, स्पीकर ८७ डेसिबलचा. तीन मीटरवर आवाज साधारण १० डेसिबलनी उतरतो, म्हणजे १ वॅटला ७७ उरतात. भिंती त्यातला थोडा परत देतात, पण ते वरकड धरू. चित्रपटगृहात एका चॅनेलचे सर्वांत मोठे धमाके १०५ डेसिबलपर्यंत जातात. फ्लॅटमध्ये, शेजाऱ्यांशी संबंध टिकवायचे असतील तर, त्याहून १५-२० डेसिबल खालीच ऐकलं जातं. ८७ डेसिबलसाठी लागतात १० वॅट, ९०साठी २०. सर्वांत भूक असते ती खर्जाची, आणि सबवूफरमध्ये स्वतःचा ॲम्प्लिफायर असल्यामुळे ८० हर्ट्झखालचं काम तोच उचलतो. १० बाय १२च्या खोलीत ७० वॅटचा रिसीव्हर आयुष्यभर आरामात राहतो. वाचलेले पैसे स्पीकर आणि सबमध्ये घालावेत. एकूण रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त रिसीव्हरवर खर्च करू नये.

स्पीकरचा इम्पीडन्स, म्हणजे ओहममध्ये मोजलेला विजेला होणारा विरोध, मात्र तपासावा. रिसीव्हरच्या मागे किमान ६ ओहम लिहिलेलं असताना ४ ओहमचे स्पीकर जोडले तर करंट वाढतो, यंत्र तापतं आणि ऐन धमाक्यात स्वतःला बंद करून घेतं.

खरी फसगत वॅटमध्ये होत नाही, टीव्हीच्या मागच्या सॉकेटांत होते. टीव्हीमधल्याच ॲपवर सिनेमा बघायचा तर आवाज टीव्हीकडून रिसीव्हरकडे उलटा यावा लागतो. ही सोय एआरसी. सहसा ती टीव्हीच्या एकाच एचडीएमआय पोर्टवर असते आणि त्यावर तसं छापलेलं असतं. केबल शेजारच्या पोर्टात खोचली तर चित्र येईल, आवाज नाही. शिवाय सीईसी (एचडीएमआयने जोडलेल्या यंत्रांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय) चालू हवं, आणि ते प्रत्येक कंपनीने वेगळ्या नावाखाली दडवलेलं आहे: सॅमसंगमध्ये ॲनीनेट प्लस, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. पाच स्पीकर जोडूनही दोनच बोलत असतील तर टीव्हीचं ऑडिओ आउटपुट ‘पीसीएम’वर (इथे दोनच चॅनेलच्या आवाजावर) राहिलेलं असतं, ते ‘पास थ्रू’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ करावं.

ओटीटी ॲपचा ॲटमॉस (डोक्यावरूनही येणारा आवाज) डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये गुंडाळलेला असतो, त्याला एआरसी पुरतं. ईएआरसी (एआरसीची जास्त क्षमतेची पुढची आवृत्ती) लागतं ते ब्लू-रे प्लेअर किंवा गेमिंग कन्सोल टीव्हीला जोडून त्याचा मल्टिचॅनेल आवाज न दाबता पुढे न्यायचा असेल तर. ऑप्टिकल केबल डॉल्बी डिजिटल ५.१च्या पुढे जात नाही.

७.२, ५.१.२ या आकड्यांनी बावरू नये. पहिला आकडा कानाच्या उंचीवरच्या स्पीकरांचा, दुसरा सबचा, तिसरा डोक्यावरच्यांचा. ५.१.२साठी सात ॲम्प्लिफायर चॅनेल लागतात, आणि भाड्याच्या घरात स्लॅबला भोकं पाडायची परवानगीही. ती नसेल तर नीट मांडलेलं ५.१ बरं: पुढचे दोन स्पीकर मध्यापासून ३० अंशांच्या आत, मागचे ११० अंशांच्या आसपास. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर सरळ बाजूला, ९० अंशांवर.

जुना रिसीव्हर घेताना एक अट: २०२०मध्ये आलेल्या काही मॉडेलांतल्या एचडीएमआय २.१च्या चिपमुळे एक्सबॉक्स सिरीज एक्सचं ४के १२० हर्ट्झचं चित्र काळं पडत असे; गेमिंग करायचं असेल तर विचारून घ्या. अमेरिकेहून कुणी आणून देतो म्हणालं तर मागची पट्टी वाचायला सांगा. तिथला रिसीव्हर बहुधा फक्त १२० व्होल्टचा असतो, लॅपटॉपच्या चार्जरसारखा दोन्हीकडे चालणारा नसतो. २३०मध्ये लावला की फ्यूज तरी जातो नाहीतर ट्रान्सफॉर्मर. स्टेप-डाउन (व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लावून चालतो, पण त्याचं धूड, त्याची घुरघुर आणि वॉरंटीवर सोडलेलं पाणी धरलं तर स्वस्ताई उरत नाही.

जोडणीसाठी दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पुरते. १० मीटर लांबीत जाऊन-येऊन तिचा रोध सुमारे ०.२३ ओहम, म्हणजे ८ ओहमपुढे नगण्य. स्वस्त ‘स्पीकर वायर’ बरेचदा आतून ॲल्युमिनियमची, वर तांब्याचा मुलामा असते. तिचा रोध साधारण दीडपट. टोक सोलल्यावर तारेचे बारीक केस पिळून घट्ट करा. एक सुटा केस शेजारच्या टर्मिनलला लागला की रिसीव्हर ‘प्रोटेक्ट’ दाखवून बंद होतो. प्लस-मायनस एका स्पीकरचं उलटं झालं तर काही जळत नाही, पण खर्ज गायब होतो आणि आवाज कुठून येतोय ते कळेनासं होतं. रिसीव्हरच्या वर किमान १० सेंटीमीटर मोकळी जागा ठेवा, आणि त्याच्या झाकणावर सेट-टॉप बॉक्स ठेवू नका.

शेवटी मायक्रोफोन लावून यंत्राला खोली मोजू द्या. यामाहात त्याला वायपाओ म्हणतात, डेनॉनमध्ये ऑडिसी. माइक सोफ्यावर, बसलेल्याच्या कानाच्या उंचीवर. पंखा, एसी, मिक्सर सगळं बंद. मोजणी झाल्यावर स्पीकर ‘लार्ज’ ठरवले गेले असतील तर ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर (ज्याखालचा खर्ज सबकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झवर ठेवा. सब प्रत्यक्षात २ मीटरवर असताना यंत्र ३ मीटर दाखवेल. ती चूक नव्हे. सबच्या आतल्या सर्किटमुळे होणारा उशीर त्याने अंतरात धरलेला असतो. टेपने मोजून तो आकडा बदलू नका.